आईची झोप आणि गाडीचा पिकअप

मागच्या अडीच वर्षांत मी आमच्या घरच्या हॅचबॅकवर अकरा बदल केले. त्यातले सहा आज गाडीवर आहेत, पाच काढून टाकले. आपली साधी गाडी जरा जोमात पळावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. काही ठिकाणी जास्त रेंगाळेन, कारण तिथे मी स्वतः चुकले होते.

गाडी अगदी नेहमीची आहे. 1.2 लिटर, चार सिलिंडर, टर्बो (हवा दाबून आत कोंबणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम. कागदावर ताकद 83 पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, 113 न्यूटन-मीटर. रिकामी गाडी 920 किलोची. चालवणारे तिघं: मी, नवरा आणि बाबा. मागच्या सीटवर आई आणि लेक.

सुरुवात एका चढावर झाली. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. पुढे लांबलचक ट्रक. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि गाडीने दमच धरला नाही. ट्रकच्या निम्म्यापर्यंत पोचले तोवर समोरून बस आली. ब्रेक मारून परत मागे आले. कोणी काही बोललं नाही, पण आईने लेकीचा हात घट्ट धरलेला मला आरशात दिसला. त्या रात्री मी ठरवलं, पिकअप वाढवायचा.

मी एका मशीनशॉपच्या तपासणी विभागात काम करते. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, त्यामुळे "बरीच फ्री झाली गाडी" या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. मी सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस लॉगर घेतला. एका क्लबचे लोक अधूनमधून बंद धावपट्टी भाड्याने घेतात, तिथे जाऊन प्रत्येक बदलाआधी आणि नंतर मोजलं. गाडीत चार माणसांइतकं वजन, एकूण साधारण 1,200 किलो. तिसरा गिअर, 60 पासून 90 पर्यंत किती सेकंद. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या आणि सगळ्यांची सरासरी. शून्य ते शंभरची वेळ मी घेतलीच नाही. सिग्नलवरून सुसाट सुटायची गरज आम्हाला कधी पडत नाही. 60 ते 90 ची रोज पडते.

दुसरं मोजमाप आईचं. आई 71 वर्षांची, कंबर दुखरी. गाडी नीट चालत असेल तर अर्ध्या तासात तिला डुलकी लागते. नाही लागली तर गाडीत काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं. वहीत मी सेकंदांच्या शेजारी हाही रकाना आखला, आणि पुढे तोच जास्त उपयोगी पडला.

पहिला आकडा आला 9.0 सेकंद. काहीही विकत घेण्याआधी मी डिकी उपसली. जुनी सतरंजी, दोन छत्र्या, पाण्याचे कॅन, लेकीची मोडकी सायकल, कुठल्याशा समारंभाची खोकी. सगळं मिळून 31 किलो निघालं. स्टेपनी आणि जॅक ठेवले, ते कधीच काढू नयेत. वेळ आली 8.8. मग एसी बंद करून पाहिलं, तर 8.3. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता थोडा हिशेब, कारण हा मला आधी कोणी समजावला असता तर निम्मे बदल मी केलेच नसते. 1.2 लिटरचं इंजिन एका फेऱ्यात 0.6 लिटर हवा ओढतं. मिनिटाला 6,000 फेरे धरले तर सेकंदाला 60 लिटर. वजनात ती साधारण 72 ग्रॅम. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडी असताना, एक भाग पेट्रोलला जेमतेम 12.8 भाग हवा लागते, म्हणजे सेकंदाला 5.6 ग्रॅम पेट्रोल जळू शकतं. त्यातून जवळपास 245 किलोवॉट उष्णता निघते आणि तिचा पावहिस्सा चाकांकडे जाणारी ताकद होतो. 61 किलोवॉट, म्हणजेच 83 पीएस. कागदावरचा आकडा असा समोर उभा राहतो. टर्बो नसलेल्या इंजिनाचा फुप्फुसाचा आकार ठरलेला असतो. हवा जास्त कोंबता येत नाही, मग पेट्रोल जास्त जाळून उपयोग नाही.

हे कळायच्या आधी मी एअर फिल्टर बदलला होता. कंपनीचा डबा काढून उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. आवाज मस्त, खोल घुमणारा. पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं गाडी बदलली. मोजलं तर 8.8, केसभर फरक नाही. मग ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचायच्या सॉकेटला, रीडर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान पाहिलं. कंपनीच्या डब्यासह गर्दीत हळूहळू चालताना 41 अंश, उघड्या फिल्टरसह 63 अंश. कंपनीचा पाइप बाहेरची गार हवा घेतो. उघडा फिल्टर बोनेटखालची, इंजिनाने तापवलेली हवा ओढतो. हवा तापली की पातळ होते. या दोन तापमानांत साडेसहा टक्के हवा कमी भरते. गाडी वेगात असताना हा फरक कमी होतो, म्हणून धावपट्टीवर तोटा दिसला नाही. पण गर्दीतून निघून लगेच चढाला लागलं की गाडी जड वाटायची. फिल्टर काढला, कंपनीचा डबा परत बसवला, त्यात नवा साधा कागदी फिल्टर टाकला. माझं मत विचाराल तर साध्या इंजिनाला तेवढंच पुरे.

सायलेन्सरची गोष्ट याहून वाईट. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही हे मी आधीच सांगितलं होतं. तो काढणं बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे आणि धूर शेवटी आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. त्यामुळे फक्त मागचा भाग बदलला, पाइप जरा रुंद. रुंद पाइपमध्ये धूर सुस्तावतो, आणि आमच्या गाडीला त्याने खालच्या फेऱ्यांत तोटा झाला. 2,000 ते 3,000 च्या दरम्यान, जिथे आमची गाडी आयुष्य काढते, तिथे ओढ कमी झाली. आकडा 8.9. त्यावर 2,700 फेऱ्यांना केबिनमध्ये एक सलग गुणगुण सुरू व्हायची, नेमकी लांबच्या प्रवासाच्या वेगाला. आई तीन तास जागी राहिली आणि उतरल्यावर डोकं धरून बसली. तीन आठवड्यांत जुना सायलेन्सर परत आला. गॅरेजवाल्याने काम मात्र स्वच्छ केलं होतं, वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. वस्तूच आमच्या गाडीसाठी चुकीची होती.

ॲक्सिलरेटरच्या वायरिंगमध्ये बसणारा छोटा डबा मिळतो, त्याबद्दल दोनच वाक्यं. हल्लीच्या गाड्यांत पेडल तारेने जोडलेलं नसतं, ते कॉम्प्युटरला फक्त संकेत देतं. डबा तो संकेत फुगवून पाठवतो, म्हणजे पाय अर्धा दाबला तरी थ्रॉटल पाऊण उघडतो. पाय तळाला टेकवला की दोन्हीकडे सारखंच, म्हणून वेळ तीच 8.8, आणि बाबांना गर्दीत गाडी धक्के देऊ लागली. काढला.

आता रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ठिणगी आणि पेट्रोलचं गणित बदलणं. यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि माझा अनुभवही दोन टोकांचा आहे.

पहिल्या ठिकाणी गेले तेव्हा वीस मिनिटांत काम झालं. लॅपटॉप जोडला, फाइल चढवली, 98 पीएस लिहिलेला कागद हातात दिला. गाडी मोजली नव्हती, इंधन कोणतं टाकता हे विचारलं नव्हतं, इंजिनाची तब्येत पाहिली नव्हती. पाच-सहा दिवसांनी भर उन्हात, चौथ्या गिअरमध्ये, 2,000 फेऱ्यांवर चढ चढताना बोनेटखालून टकटक ऐकू आली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. नॉकिंग. पेट्रोल ठिणगीच्या ठरल्या क्रमाने न जळता मध्येच स्वतःहून पेट घेतं तेव्हा हा आवाज येतो, आणि तो चालू ठेवला तर पिस्टनची वाट लागते. रीडरवर पाहिलं तर कॉम्प्युटर नॉक सेन्सरचं ऐकून ठिणगी 7 अंशांनी मागे ओढत होता. फाइल 95 ऑक्टेनच्या (हा आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल नॉकिंगला कमी बळी पडतं) पेट्रोलसाठी लिहिलेली होती आणि आम्ही 91 चं टाकत होतो. म्हणजे एका हाताने दिलेलं कॉम्प्युटर दुसऱ्या हाताने काढून घेत होता. वेळ 8.8, जिथल्या तिथे. परत गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, सवय होईल." मूळ फाइल परत चढवून घ्यायला मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: काम सुरू होण्याआधी मूळ फाइलची प्रत आपल्या पेनड्राइव्हवर घ्या. ती मिळत नसेल तर चावी उचला आणि निघा.

दुसरा माणूस एकटाच काम करणारा. त्याने आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं. मग विचारलं, पेट्रोल कोणतं, चढ किती, गाडी कोण कोण चालवतं. "पाच टक्क्यांच्या वर अपेक्षा ठेवणार असाल तर करू नका," हे त्याने काम घेण्याआधी सांगितलं, आणि तिथेच माझा विश्वास बसला. गाडी ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवून आधी मोजली: चाकांवर 68 पीएस. इंजिनापासून चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातात, म्हणून हा आकडा 83 पेक्षा कमी असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सायलेन्सरमध्ये रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर लावून त्याने तीन फेऱ्यांत थोडं थोडं बदललं. ठिणगी दोन-तीन अंश पुढे, तीही नॉकचा मागमूस नसेल तिथेच. पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण 12.8 च्या आसपास. फेऱ्यांची वरची मर्यादा जशी होती तशी ठेवली. बाबा गाडी चालवतात म्हटल्यावर पेडलचा पहिला पाव भाग मुळासारखाच राहू दिला. शेवटी त्याच रोलरवर, त्याच दिवशी, 71.5.

धावपट्टीवर 8.4 सेकंद. एसी बंद केल्यावर मिळाले होते 8.3. म्हणजे रिमॅपने मला साधारण एका एसीइतकी ताकद दिली. मला हे थोडं वाटत नाही. गर्दीतून निघताना, तिसऱ्यात 40 वर, आता गिअर बदलावा लागत नाही, आणि ते सुख रोजचं आहे. म्हणून रिमॅप गाडीवर ठेवला. पण तो 83 चे 98 करणार नाही, कोणीही काहीही छापून देवो. ज्यांची गाडी टर्बोची आहे त्यांचा हिशेब निराळा. तिथे हवेचा दाब वाढवता येतो आणि वीस टक्क्यांच्या वर वाढ खरोखर मिळते. मात्र त्यांनी क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क झेलू शकतात ते आधी पाहावं.

इथपर्यंत आठ महिने गेले होते आणि माझं सगळं लक्ष पुढे पळण्याकडे होतं. मग एकदा घाट उतरताना खालच्या वळणांत ब्रेकचं पेडल मऊ लागलं. पाय नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेला. गाडी थांबली, पण माझ्या पाठीतून घाम गेला. पाच माणसं आणि सामान धरून 1,250 किलो, आणि उतार 600 मीटर उंचीचा. घरी येऊन हिशेब मांडला. नुसत्या ब्रेकवर तो घाट उतरायचा तर ब्रेकांना जी उष्णता झेलावी लागेल ती 100 च्या वेगातून गाडी पंधरा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी आहे, एकामागून एक. मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होते म्हणून बराच भार इंजिनाने घेतला. आणि ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 या दर्जाचं ताजं ऑइल मानकाप्रमाणे किमान 230 अंशांना उकळतं. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पायाखालचा मऊपणा तिथून येतो. मी डॉट 5.1 टाकलं, त्याच्या मर्यादा 260 आणि 180. हे डॉट 4 च्याच जातीचं आहे. नाव जवळचं असलं तरी नुसतं डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते आपल्या गाडीत कधी टाकू नका. आता दर दोन वर्षांनी बदलते, गाडी कमी चालली तरीही. अकरा बदलांपैकी सगळ्यात स्वस्त हा होता, आणि हाच मी आधी करायला हवा होता.

पॅड एक पायरी वरचे घेतले, शर्यतीचे नाही. शर्यतीचे पॅड तापल्यावर चावतात. सकाळी लेकीला शाळेत सोडताना थंड ब्रेकवर ते कामाचे नाहीत. 80 वरून सलग दहा वेळा गाडी थांबवून पाहिली. जुन्या पॅडवर दहाव्या खेपेला पहिल्यापेक्षा 6 मीटर जास्त लागले, नव्यांवर 1 मीटर. किंमत म्हणून सकाळचे पहिले तीन-चार ब्रेक कुईकुई करतात आणि पुढची चाकं लवकर काळी होतात. स्टीलची जाळी असलेल्या ब्रेकच्या नळ्याही बसवल्या. पेडल किंचित घट्ट झालं. काढल्या नाहीत, पण दुसऱ्या गाडीला पुन्हा घेईन असं नाही.

गंमत अशी की एवढं करूनही एका थांब्याचं अंतर बदललं नाही. 100 वरून शून्य: आधी 47 मीटर, नंतरही 47. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आधीही लागत होतं, म्हणजे ब्रेक चाक अडवायला समर्थ होतेच. रस्ता धरून ठेवायला टायर कमी पडत होता. ही गोष्ट आकड्यांत पाहीपर्यंत मला खरी समजली नव्हती.

गाडीवर 165/80 आर 14 मापाचे टायर होते, कंपनीतून आलेले, कमी पेट्रोल खाण्यासाठी बनवलेले, साडेपाच वर्षं जुने. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. विकत घेताना ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मी 185/65 आर 15 घेतले. हे माप निवडलं कारण एकूण व्यास 619.6 वरून 621.5 मिलिमीटर होतो, दोन मिलिमीटरचाही फरक नाही. स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस, सगळं पूर्वीसारखं चालतं. भार क्रमांक 85 वरून 88, म्हणजे एका टायरची पेलायची ताकद 515 वरून 560 किलो. सोळा इंची रिम मला आग्रहाने दाखवली गेली. दिसायला देखणी होती. पण टायरची कड जितकी बुटकी तितका खड्डा थेट रिमवर आणि आईच्या कमरेवर. रिमचा बोल्टचा घेर, ऑफसेट आणि मधलं छिद्र हबशी तंतोतंत जुळतं का, हे मी स्वतः व्हर्नियरने तपासलं. दुकानातल्या मुलाला ते आवडलं, त्याने ती रीत शिकून घेतली.

कोरड्यात 100 वरून शून्य 41.5 मीटर. ओल्या धावपट्टीवर 80 वरून शून्य आधी 41 होते, आता 33. आठ मीटर. जिथे आता आमची गाडी पूर्ण थांबते, त्याच जागी जुन्या टायरवर ती अजून 35 च्या वेगात असती. हा आकडा काढला त्या संध्याकाळी मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले होते. साडेपाच वर्षं त्या टायरवर माझी माणसं बसत होती.

तोटेही सांगते. चाक रिमसकट 13.6 किलोचं होतं ते 14.9 झालं. अलॉय म्हणजे हलकी हा समज बरोबर नाही, काट्यावर ठेवून घ्या. पिकअप 8.4 वरून 8.5 झाला, ॲव्हरेज 18.2 वरून 17.4 वर आलं. मला हा सौदा शंभर वेळा मान्य आहे.

सस्पेन्शनमध्ये मी आधी हौस केली. गाडी 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या, शॉकॲब्सॉर्बर मात्र 80,000 किलोमीटर चाललेले जुनेच. रिकामी गाडी वळणात झकास वागायची. मागे दोन माणसं बसली की स्प्रिंग संपून रबरी ठोकळ्यावर आपटायची. आई पहिल्या वीस मिनिटांत म्हणाली, "थांबव गं, मी जरा उभी राहते." एवढंच. तक्रार नाही केली, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. त्यात चाकांचे कोन बदलले होते, अलाइनमेंट लगेच केलं नाही, आणि नव्या टायरच्या आतल्या कडा दोन महिन्यांत झिजायला लागल्या.

कंपनीच्या स्प्रिंगा परत घातल्या आणि त्यांच्यासोबत चारही शॉकॲब्सॉर्बर नवे, गॅस भरलेले, मूळपेक्षा थोडेच कडक. वरचे माउंट आणि बुश, म्हणजे रबरी आधारही नवे, कारण तेवढं उघडल्यावर ते न बदलणं म्हणजे मजुरी दोनदा देणं. मग अलाइनमेंट. कामाला एक पूर्ण दिवस लागला. मेकॅनिकने खालच्या आर्मचे नट गाडी लिफ्टवर लटकती असताना आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळले. नाहीतर बुश कायमचं पिळलेलं राहतं. हे न सांगता करणारा माणूस भेटला की त्याला सोडू नये.

फरक पहिल्या गतिरोधकावरच कळला. गाडी एकदा दबते, एकदा उठते आणि तिथेच शांत होते. पूर्वी तीनदा हेलकावे खायची आणि आम्हाला तेच नेहमीचं वाटत होतं. स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण घेतलेला धक्का जिरवायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं. तो थकला की चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. वहीतली नोंद: आई 22 मिनिटांत झोपली. अडीच वर्षांतली सगळ्यात चांगली वेळ.

एक बदल मला मनापासून आवडला होता आणि तरी काढला. मागच्या ॲक्सलच्या आडव्या बीमला बोल्टने बसणारा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारी दांडी. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं तोंड वळणात बाहेर पळतं; या बारने ते थांबलं. स्टिअरिंग फिरवलं की गाडी जणू मधोमध खिळल्यासारखी वळायची. कोरड्या रस्त्यावर मी मुद्दाम लांबच्या वाटेने घरी यायचे. मग ओल्या धावपट्टीवर 60 च्या वेगाने वळताना मी पेडलवरचा पाय अचानक उचलला, आणि मागची बाजू बाहेर निघाली. मोकळं मैदान होतं, मी सावरलं. पण पावसात वळणावर अचानक काही आडवं आलं तर कोणाचाही पाय असाच उचलला जातो. बाबांचाही, नवऱ्याचाही. कंपनी अशा गाडीचं तोंड बाहेर पळू देते ते जाणूनबुजून, कारण ते साध्या माणसाला सावरता येतं. एकटीची गाडी असती तर ठेवला असता.

हे सगळं करताना विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवला आणि नोंदणीचे नियम आधी वाचले. रिमॅपने इंजिनाची वॉरंटी जाऊ शकते, कॉम्प्युटरमध्ये फाइल किती वेळा चढली याची नोंद राहते. आमची वॉरंटी संपली होती म्हणून मी केलं.

गेल्या महिन्यात पुन्हा तोच चढ. बाबा चालवत होते, मी शेजारी लॉगर घेऊन. पुढे तसाच लांब ट्रक. समोर जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसत होता. मी म्हटलं, "बाबा, तिसऱ्यात दाबा, आता ओढते ती." बाबांनी मान हलवली, क्लच दाबला आणि सरळ दुसरा टाकला. इंजिन 4,000 च्या वर गेलं, मग 5,500. ट्रक मागे पडला, परत तिसरा, आपल्या बाजूला.

घरी येऊन हिशेब केला. तिसऱ्यात 60 ला इंजिन 2,700 फेऱ्यांवर असतं आणि तिथे ते साधारण 40 पीएस देतं. दुसऱ्यात त्याच 60 ला 4,000 फेरे, तिथे 64. चोवीस पीएस, जे पहिल्या दिवसापासून गाडीत होते. पुढच्या क्लबच्या दिवशी धावपट्टीवर पाहिलं: दुसऱ्या गिअरमध्ये 60 ते 90, एसी चालू, 6.1 सेकंद. मी अडीच वर्षं तिसऱ्याच गिअरमध्ये मोजत होते, कारण मोठा आवाज म्हणजे इंजिनावर अत्याचार असं माझ्या मनात बसलं होतं. गरम झालेल्या इंजिनाला काही सेकंद 5,500 काहीच जड नाहीत.

आईला मात्र त्या आवाजाने जाग आली. "काय गं, काय झालं?"

"काही नाही, ट्रक होता."

पुढच्या वळणाच्या आत ती परत झोपली. वहीत मी दोन्ही लिहिलं. आता उजव्या बाजूचं इंजिन माउंट 3,000 फेऱ्यांवर थरथरतंय. ते बदलायचं आहे, पण कंपनीचंच, कडक नको.